करण्यासारखं काही नाही

चिकलठाण्याच्या कारखान्यात प्रोग्राम लिहिणारे आम्ही दोघंच, मी आणि मल्हारी. संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर होऊन बाबासाहेबांचं नाव लागलं, आणि त्याच आठवड्यात पुण्याहून आलेल्या साहेबांनी आमचं सगळं काम 'मेक' नावाच्या नव्या साधनावर न्यायला लावलं. आधी एक अक्षर बदललं तरी सगळ्या फायली पुन्हा कंपाइल व्हायच्या, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरायच्या. तोवर आम्ही गेटवर चहा पिऊन यायचो. मेक तेवढ्या बदललेल्या फायली घेतं, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या. पण कोण कोणावर अवलंबून, हे त्याला आपणच लिहून द्यावं लागतं.

पहिलंच काम आलं ते शिकाऊ पदवीधरांच्या दाखल्यांचं; त्यांवर त्यांच्या विद्यापीठाचं नाव छापायचं असायचं. मी एका फायलीत विद्यापीठाचं नाव बदललं आणि मेक चालवलं. पडद्यावर आलं, करण्यासारखं काही नाही. प्रिंटरमधून जुनंच नाव निघालं.

मल्हारीनं कागद बघितला. "दाखला या फायलीतनं नाव घेतो, हे सांगितलंच नाय तू त्याला."

नव्हतंच सांगितलं. या नावापायी गावोगावी लोकांची घरं जळाली होती, आणि मी एक ओळ लिहायला विसरलो होतो. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी ओळ टाकली, नवं नाव छापून आलं, मल्हारी दाखले घेऊन गेला.

संध्याकाळी पुंडलिकनगरला घरी, जेवताना माझे वडील विद्यापीठाचं जुनंच नाव घेऊन बोलत होते. मुद्दाम, ठासून. मी भाकर मोडत राहिलो.

"काय नवीन तुमच्या कारखान्यात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, तात्या," मी म्हणालो.