नऊ सेकंद

सर्टिफिकेटं दामिनी पटलेच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये. सकाळपासून एकशे बारा प्राध्यापक त्या किल्लीच्या मागे होते.

इंग्रजी अध्यापक संघाचं हे एकतिसावं वार्षिक अधिवेशन. यंदा यजमानपद कामठा रोडवरच्या तिच्या कॉलेजाकडे आलं, आणि तिथे इंग्रजी शिकवणारी ती एकटीच, म्हणून स्थानिक सचिवपणही तिच्याकडे आलं. दोन महिने मांडव, जेवण, पाहुण्यांच्या खोल्या आणि बॅनरवर कोणाचं नाव कोणाच्या वर, यांत गेले होते. उद्घाटनाचे पाहुणे चाळीस मिनिटं जास्त बोलले, त्यामुळे सकाळचे सगळे पेपर पाच-पाच मिनिटांत उरकले. तिचे पाय दुखत होते आणि दिवस अर्धाच झाला होता.

सर्टिफिकेट शेवटचं सेशन संपल्यावरच द्यायचं, हा संघाचा जुना रिवाज. आधी दिलं की माणसं थांबत नाहीत. शेवटचं सेशन अडीचला होतं आणि नागपूरकडची गाडी तीनच्या सुमारास. त्या सेशनमधला शेवटचा पेपर दामिनीचा होता.

बी.एस्सी.ला तिचा विषय भौतिकशास्त्र होता. इंग्रजीकडे ती नंतर वळली, मोजायची सवय मात्र गेली नाही. सहा वर्षं तिनं एकच गोष्ट मोजली होती. वर्गात प्रश्न विचारल्यावर किती सेकंद शांतता असते? इतर शिक्षकांच्या तासांना बसून तिनं पाहिलं, तर शिक्षक सरासरी दोन सेकंदही थांबत नव्हते. उत्तर आलं नाही की स्वतःच सांगून मोकळे होत. मग ती आपल्या वर्गात भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नुसती उभी राहू लागली. पहिलं उत्तर सरासरी नवव्या सेकंदाला येई. मुलं प्रश्न आधी मनात मराठीत आणत, कोणी घरच्या पोवारी बोलीत आणत, उत्तर तिथे जुळवत आणि मग इंग्रजीत परत नेत. त्याला तेवढा वेळ लागणारच. उत्तर मिळालेल्या चौदाशे प्रश्नांची नोंद तिच्या जाड वहीत होती.

हा पेपर चार वर्षं ती थोडा थोडा वाढवून संघापुढे वाचत आली होती. चारही वेळा टाळ्या झाल्या, सर्टिफिकेट मिळालं. प्रश्न एकही आला नाही. कुठे चुकलंय हेही कोणी सांगितलं नाही. यंदाही कोणी काही विचारलं नाही तर वही बंद करायची, असं तिनं ठरवलं होतं. ठरवताना वाईट वाटलं नव्हतं, इतकी ती थकली होती.

जेवणाच्या रांगेत संघाचे अध्यक्ष गुलाबचंद सर ताट घेऊन तिच्यापाशी आले.

"पटले मॅडम, दे दो ना भई. लोक माझं डोकं खाऊन राहिले."

"सर, नियम संघाचाच आहे."

"नियम मीच केला होता बारा सालापहिले. मीच मोडतो." त्यांनी भातावर वरण घेतलं. "अन् तुमचा पेपर छापून आला ना अधिवेशनाच्या पुस्तकात? प्रमोशनच्या फाइलीले तेवढं पुरते. ऐकाले कोण बसते?"

ते हे अगदी मायेनं म्हणाले. रांगेतून एक बाई बोलल्या, "मॅडमचा पेपर शेवटी आहे, म्हणून किल्ली सुटून नाही राहिली." सगळे हसले. दामिनीही हसली, कारण ते खोटं नव्हतं.

ती ताट तसंच ठेवून ऑफिसात गेली. किल्ली हातात धरून कपाटापुढे उभी राहिली. किल्ली न फिरवता परत गेली असती, तर एकशे बारा माणसं तीन वाजता तिच्यासमोर बसली असती. घड्याळ बघत, मनातल्या मनात तिला शिव्या घालत. प्राचार्य वर्गात मागे येऊन बसत तेव्हाची मोजमापं तिनं कधीच वहीत धरली नव्हती. तेव्हा मुलं भरभर उत्तरं देत, पण ती धाकाची उत्तरं असत. ही माणसंही धाकानंच बसली असती.

तिनं किल्ली फिरवली.

पंचवीस मिनिटांत सर्टिफिकेटं घेतल्याच्या सगळ्या सह्या झाल्या. ऑटो भरभरून निघाले. पावणेतीनला सेमिनार हॉलच्या दारात शिपाई देवकाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाई, सारे गेले ना जी. खुर्च्या उचलू?"

"थांबा. एक सेशन आहे अजून."

"कोनासाठी?"

दामिनीनं पेपरचे कागद काढले. ती आत गेली.

सेशनचे अध्यक्ष चंद्रकुमार सर, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, मंचावर वेळेची घंटी पुढ्यात घेऊन बसले होते. समोर सगळ्यात मागे एकजण मोबाइल चार्जिंगला लावून बसला होता. बाकी खुर्च्या रिकाम्या. सरांनी यादीतली पहिली दोन नावं पुकारली, दोघंही नव्हते. त्या दोघांनी पेपर वाचल्याची सर्टिफिकेटं मात्र एव्हाना स्टेशनच्या वाटेवर होती.

दामिनीनं वाचायला सुरुवात केली. घंटी वाजली नाही. सरांचे डोळे अर्धे मिटले होते. पहिल्यांदाच तिला पेपर पूर्ण वाचता आला. सतरा मिनिटं लागली.

"फार छान," सर जागे होत म्हणाले. "काही प्रश्न? नाही? तर मग आपण..."

सवयीनं तिची नजर घड्याळावर होती. एक सेकंद झाला होता.

"सर, थोडं थांबता का?"

"का, काय झालं?"

"काही नाही. तुम्ही विचारलंत, तर जरा थांबू."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. उचललेली घंटी खाली ठेवली.

पंखा कुरकुरत होता. देवकाबाईनं एक खुर्ची ओढली आणि थांबली. नववा सेकंद गेला. तेरावा गेला. सोळाव्याला दामिनीनं कागद गोळा करायला घेतले. एकोणिसाव्या सेकंदाला मागच्या माणसानं मोबाइलची वायर काढली.

"विचारू का मॅडम?"

"विचारा."

"मी गजेंद्र, चिचगडकडे शिकवतो. चारच्या बसपर्यंत टाइमपास म्हणून बसलो होतो, खोटं कायले बोलू." तो उठून उभा राहिला. "माझ्या वर्गात मागच्या बाकावर चौघीजणी आहेत. घरी गोंडी बोलतात. मिनिटभर थांबलो तरी तोंड उघडत नाहीत. तशांचे सेकंद तुम्ही कुठं टाकले? तुमच्या त्या नवात आहेत का?"

तिनं कागद पुन्हा उघडले. पान सहाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. चार वर्षांत तिथपर्यंत कोणी पोचलं नव्हतं.

"नाहीत," ती म्हणाली. "तीस सेकंदांत उत्तर आलं नाही, ते प्रश्न मी सोडून दिलेत."

"किती?"

"तीनशे बारा."

"चौदाशेतले?"

"चौदाशे सोडून."

"मग सरासरी नऊ कशी म्हणता?"

चंद्रकुमार सरांचा हात घंटीकडे गेला आणि परत आला. दामिनी मंचाच्या कडेवर टेकली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती. गजेंद्र उभाच होता. त्यानं दुसरं काही विचारलं नाही, प्रश्न सोपा करून सांगितला नाही. घड्याळाकडे बघायचं या वेळी तिला सुचलं नाही.

"नाही म्हणता येत," शेवटी ती म्हणाली. "जी बोलली तेवढ्यांचीच ती सरासरी आहे."

"तेच म्हणून राहिलो."

तिनं पर्समधून जाड वही काढली. सोडून दिलेले प्रश्न मागच्या पानांवर होते, तारखांसकट. विद्यार्थ्यांची नावं तिनं कधी लिहिली नव्हती.

"बस चारची ना?"

"हो. वीस मिनिटांत निघावं लागते."

"मग त्या चौघींचं सांगा. पहिल्यापासून."

गजेंद्र पुढे येऊन बसला. चंद्रकुमार सरांनी सेशन संपल्याचं जाहीर केलं नाही. चष्मा पुसून तेही ऐकू लागले.

"आता उचलू का जी खुर्च्या?" देवकाबाईनं दारातून विचारलं.

"उचला," दामिनी पेन शोधत म्हणाली. "या तीन राहू द्या."