पंधरा आठवड्यांचा घोडा

माझ्या भावजयीने अख्खा घोडा पंधरा आठवड्यांत बसवला होता. शेपटीसकट.

मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा मला कोणी विचारलं नाही. चौतीस वर्षं शाळेत घालवलेली, त्यातली अकरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढलेली बाई नात्यात असताना विचारायला हवं होतं, असं माझं मत. भावाला विचारून उपयोग नव्हताच. तो नाकासमोर चालणारा माणूस, आणि त्याच्या नाकासमोर गेली सोळा वर्षं बायको उभी आहे. ती एका कंपनीत मोठमोठ्या इमारतींचं नियोजन करायची. कोणता खांब कोणत्या आठवड्यात उभा राहणार, हे तिला सहा महिने आधी ठाऊक असायचं. मुलीसाठी तिने नोकरी सोडली, तेव्हा इमारती गेल्या आणि आठवडे तेवढे राहिले.

भाची चौदा वर्षांची. तिला घोड्याखेरीज कशातच रस नव्हता. गणिताच्या वहीत घोडे, भूगोलाच्या नकाशात समुद्रातसुद्धा घोडे. शाळेने तीनदा चिठ्ठी पाठवली. चौथ्यांदा भावजय म्हणाली, "ठीक आहे. मग सगळं घोड्यातूनच शिकवू."

खरं सांगते, मला कल्पना आवडली होती. पण चांगली कल्पना या बाईच्या हाती लागली की तिची फाईल होते.

महिन्याभरात जेवणाच्या खोलीतली भिंत भरली. भावाने खिळे ठोकले, तेवढाच त्याचा शिक्षणातला सहभाग. तक्त्यावर पंधरा रकाने, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. गणितात घोड्याचा वेग, खुराकातल्या चंदीचं प्रमाण, तबेल्याचं क्षेत्रफळ. इतिहासात घोड्यावर बसून कोण कोणावर चालून गेलं. विज्ञानात हाडं, दात, पचन. भाषेत घोड्यावरचे वाक्प्रचार, अर्थासह. आणि शुक्रवारी शेवटचा तास मूल्यशिक्षणाचा, 'घोड्याकडून घेण्यासारखे गुण'. मी एकदा विचारलं, "त्यात लाथ मारणं धरलंय का?" भावजयीने मान वर न करता उत्तर दिलं, "ताई, ते स्वसंरक्षणात आहे. अकरावा आठवडा."

प्रत्येक कागदाला प्लॅस्टिकचं आवरण. त्याचं यंत्र तिने घरीच आणलं होतं. त्या दिवसांत त्यांच्या स्वयंपाकघरात फोडणीपेक्षा तापलेल्या प्लॅस्टिकचाच वास जास्त यायचा.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात घोडा कुठे होता? घोडा सायकलने वीस मिनिटांवर होता. गावाबाहेर एका बाईचा तबेला आहे, आठ घोडी आहेत, मुलांना तिथे रपेट शिकवतात. बाई उंच, आवाज जाडा, बोलणं मोजकं. भाची तिला मावशी म्हणते. रोज संध्याकाळी साडेचार ते साडेपाच भाची तिथे असायची. खरारा कर, लीद उचल, पाणी भर. तक्त्यावर तो तास पांढरा सोडलेला होता. त्यावर लिहिलं होतं, 'मोकळा वेळ'.

तबेल्यात एक तांबडी घोडी होती, गाभण. डॉक्टरांनी तिच्या पोटात शिंगरू आहे म्हणून सांगितलं, तो दिवस भाचीने स्वतःच्या चिटोऱ्यांच्या वहीत लाल शाईने लिहून ठेवला होता. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. शिंगरू जन्माला येताना तिला तिथे असायचं होतं. वाढदिवसाला काय हवं, तर हेच. सुट्टीत काय करायचं, तर हेच. इतकं सरळ मागणं मी चौतीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याकडून ऐकलं नव्हतं.

आईने ते मनावर घेतलं, हे मात्र मान्य करायला हवं. तिने त्याचा गणिताचा तास केला. घोडी गाभण राहिल्यापासून सरासरी तीनशे चाळीस दिवसांनी विते. त्या हिशेबाने तारीख काढली, आणि तक्त्यावर नवव्या आठवड्यात हिरव्या चौकोनात लिहिलं, 'प्रत्यक्ष निरीक्षण: शिंगराचा जन्म. रविवार, दुपारी चार ते सहा.'

"चार ते सहाच का गं?" मी विचारलं.

"सहानंतर चित्रकला आहे ना."

"आई, ते सरासरी असतं," भाची म्हणाली. "वीस दिवस इकडे नाहीतर तिकडे होऊ शकतं. मावशी म्हणते, तारीख बघू नकोस, कास बघ."

"कास पाचव्या आठवड्यात आहे," आई म्हणाली. "आधी वाचायचं, मग बघायचं. नाहीतर बघून तरी काय कळणार?"

मी या सगळ्यावर मनातल्या मनात पोट धरून हसत होते. बहिणीला फोन करून रोजचं बातमीपत्र देत होते. आणि मग सहाव्या आठवड्याच्या तोंडावर भावजय माझ्याकडे आली, समोर बसली, आणि म्हणाली, "ताई, सहामाही परीक्षा घ्यायची आहे. घरच्या घरी घेतली तर तिला काही अर्थ नाही. तुमच्यासारखं कोणीतरी हवं."

तुमच्यासारखं. या एका शब्दावर मी विरघळले. निवृत्तीला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत कोणी मला कशासाठीही 'तुम्ही हव्यात' असं म्हटलं नव्हतं. मी तीन दिवस खपून प्रश्नपत्रिका काढली, दहा प्रश्न, पन्नास गुण, सोबत नमुना उत्तरं, गुणांच्या फोडीसकट. उत्तरपत्रिका बांधायला पांढरा दोरा आणला. निरोपसमारंभात मिळालेली पितळी घंटा कपाटातून काढून चिंच लावून घासली. ज्या बाईच्या तक्त्याला मी हसत होते, तिच्या तक्त्यात मला एक चौकोन मिळाला होता, आणि मी त्यात ऐसपैस बसले होते.

परीक्षा गुरुवारी, दहा ते एक. मी बुधवारीच त्यांच्याकडे मुक्कामाला गेले.

त्या संध्याकाळी भाची सहाला यायची ती साडेसातला आली. आईने घड्याळ दाखवलं, उजळणीचा दीड तास बुडाला म्हणून बरंच ऐकवलं. पोरगी मूग गिळून बसली. तिच्या केसांत पेंढ्याची काडी अडकली होती. ती मी दोन बोटांनी उपसली, केराच्या डब्यात टाकली आणि म्हटलं, "उद्या परीक्षेला तरी माणसासारखी बस."

गुरुवारी सकाळी सहालाच ती सायकल काढून गेली आणि आठला परत आली. धापा टाकत थेट स्वयंपाकघरात.

"आई, मेण आलंय."

"कसलं मेण?"

"तांबडीच्या सडांवर. मेणासारखे थेंब येतात ना, ते. म्हणजे आज नाहीतर उद्या. मावशी म्हणाली, आज कुठे जाऊ नकोस. परीक्षा उद्या घेऊ या ना. उद्या घेतली तरी मी तेवढंच लिहीन."

भावजय तक्त्याकडे बघत राहिली. हातात चहाचं गाळणं. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण असा चेहरा पहिल्यांदाच बघितला. तिला नवव्या आठवड्यातला हिरवा चौकोनही दिसत होता आणि समोरची पोरगीही. शेवटी ती म्हणाली, "ताई म्हणतील तसं."

म्हणजे घोडं माझ्यापाशी येऊन अडलं होतं.

मला तेव्हा काय म्हणता आलं असतं, हे मी नंतर पुष्कळदा मोजलंय. दोनच शब्द लागले असते, 'जा बाई'. पण मी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, घंटा टेबलावर ठेवून बसले होते. माझ्या शाळेत एकदा भिंत कोसळली तरी परीक्षा पुढे ढकलली नव्हती, आणि ही गोष्ट मी आजवर अभिमानाने सांगत आले होते.

"परीक्षा ठरलेल्या वेळी," मी म्हटलं. "आणि घाबरायचं कारण नाही. तुझ्याच फाईलमध्ये आहे, दहांतल्या आठ घोड्या रात्री वितात. एकला पेपर दे आणि रात्रभर बस तिथे. कोणी अडवणार नाही."

"आणि उरलेल्या दोन?" ती म्हणाली.

"उलट उत्तर नको."

मोबाईल बाहेर ठेवायचा, हा नियमही माझाच. तिचा फोन मी घेतला, आवाज बंद केला, पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली. दहाला घंटा वाजवली. घंटेचा आवाज छान येत होता.

तिने लिहायला घेतलं. मी येरझाऱ्या घातल्या. एका विद्यार्थिनीवर लक्ष ठेवायला येरझाऱ्या लागत नाहीत, पण मला घालायच्या होत्या. खोलीत फक्त तिच्या पेनचा आणि माझ्या चपलांचा आवाज. ती मधेच खिडकीबाहेर बघायची, मग पुन्हा लिहायची. कुरकुर नाही, रडणं नाही. मला वाटलं, शिस्त लागली पोरीला.

बाराला दहा कमी असताना तिने पेपर बांधून टेबलावर ठेवला. "झालं. जाऊ?"

"एकच्या आत उठता येत नाही. पुन्हा वाच."

"वाचलंय."

"मग बस."

ती बसली. मी समोरच तपासायला घेतलं, म्हणजे वेळ वाया जाऊ नये. अक्षर चांगलं होतं, हाडांची आकृती तर फारच सुरेख. मग सहावा प्रश्न आला. 'घोडीच्या सडांवर मेणासारखे थेंब दिसू लागल्यास सांभाळणाऱ्याने काय करावे? गुण पाच.' माझ्या नमुना उत्तरात पाच मुद्दे होते: जवळ थांबणे, गोंगाट टाळणे, डॉक्टरांना कळवणे, शेपूट बांधणे, अंथरुणाचा पेंढा बदलणे. तिने लिहिलं होतं, 'हातातलं काम टाकून तिच्याकडे जावं. लांब आणि गप्प उभं राहावं, पण जावं. शेपूट बांधून ठेवावी. डॉक्टरांचा नंबर हाताशी ठेवावा. तिला ओळखीचं माणूस लागतं.'

मी चार बरोबरच्या खुणा केल्या. पेंढ्याचा उल्लेख नव्हता, म्हणून एक गुण कापला. पाचपैकी चार. पुढच्या प्रश्नाकडे वळले.

हे उत्तर लिहिणारी मुलगी माझ्यासमोर दोन हातांवर, माझ्याच हुकमाने बसली होती, आणि मला त्यात फक्त पेंढा नाही एवढंच दिसलं.

एकला घंटा दिली. पर्स उघडून फोन तिच्या हातात ठेवला. तिने बघितलं आणि तो माझ्याकडे वळवला. तबेल्यातून सहा फोन येऊन गेले होते. पहिला दहा चाळीसला, शेवटचा अकरा वीसला. ती सायकलसुद्धा काढेना. शेवटी भावाने आम्हाला सगळ्यांना गाडीत घातलं.

तबेल्याच्या दारात ती बाई उभी होती. बाह्या कोपरापर्यंत वर, हात अजून लाल. "काय गं," ती भाचीला म्हणाली, "मला वाटलं सायकलवरून पडलीस की काय. एक पाय मागे अडकला होता त्याचा. डॉक्टर यायच्या आत ओढावं लागलं. तांबडी सारखी दाराकडे बघत होती. दोन हात कमी पडत होते मला."

"परीक्षा होती," भाची म्हणाली.

"कशाची?"

भाचीने सांगितलं. ती बाई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

आत शिंगरू उभं होतं, चार पाय चार दिशांना, आईच्या पोटाखाली तोंड खुपसून. भाची आडव्या दांड्याला धरून बघत राहिली. "पहिल्यांदा ओलं असतं ना?" तिने विचारलं.

"हो. आता वाळलं."

भावजयीने तोवर पिशवीतून निरीक्षणाचा तक्ता काढला होता, प्लॅस्टिकच्या आवरणातला. जन्माची वेळ, पहिला श्वास, उभं राहण्याचा पहिला प्रयत्न, सगळे रकाने कोरे. "अंदाजे किती वाजले होते?" तिने त्या बाईला विचारलं.

"घड्याळ बघायला हात रिकामे नव्हते," ती बाई म्हणाली आणि बादली उचलून गेली.

भावजय तक्ता धरून तशीच उभी राहिली. मग तिने तो उलटा करून पिशवीत घातला आणि शिंगराकडे बघत राहिली. आदल्या दिवशीपर्यंत मला यावर हसू आलं असतं. पण सकाळी तिने निकाल माझ्यावर सोडला होता, आणि तो मी दिला होता. मला लाज वाटत होती, आणि ती कोणाजवळ बोलून दाखवायची सोय नव्हती.

मी भाचीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पेपर फार छान लिहिलायस. एकोणपन्नास पडतील."

"एक कुठे गेला?"

"सहाव्या प्रश्नात. पेंढा बदलायचा राहिला तुझा."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या लहान मुलाला समजावताना बघतात तसं.

"तो मी काल संध्याकाळीच बदलला होता," ती म्हणाली, आणि दांडा सरकवून आत गेली.