दुहेरी काच

घर-बागेच्या प्रदर्शनाच्या दारातच मला परत फिरावंसं वाटलं. सासूबाईंना आम्ही बागेसाठी बिया घ्यायच्या म्हणून आणलं होतं, आणि खरं कारण दालनाच्या पार टोकाला उभं होतं. मागच्या अंगणात बसवायची तयार लाकडी खोली. आत पलंग, कपाट, बाथरूम, सगळं. पोरीचा आता आजीसोबतच्या खोलीत अभ्यास होत नाही, आणि आमच्या एवढ्याशा घरात आणखी एक खोली काय खिशातून काढायची? म्हणून आजी अंगणात आणि नात घरात, असं आम्ही दोघांनीच ठरवून टाकलं होतं. "आई माझी आहे, मी बोलतो. तू मध्ये पडू नकोस," असं नवरा आदल्या दिवशी छाती काढून म्हणाला होता.

मध्ये पडायची मला हौस नव्हतीच. पण नवऱ्याची ती छाती मी ओळखून आहे. आत शिरल्या शिरल्या त्याला गवत कापायची यंत्रं दिसली आणि स्वारी "आलोच" म्हणून तिकडे पसार झाली. आमच्या अंगणात गवत मूठभर, तेही थंडीने करपलेलं.

बाहेर झाडांवर अजून एक पान नव्हतं आणि आत फुलंच फुलं. कोट काखेत धरून माणसं घामाघूम होऊन फिरत होती. एक बाई माईकवरून न चिकटणाऱ्या तव्याचे गोडवे गात होती, ते सगळ्या दालनात घुमत होतं. सासूबाई मात्र खुशीत होत्या. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, कुठलीही वस्तू आधी उलटून बघणार. एका सोफ्याची उशी उलटून शिवण पाहिली आणि "दोन धुण्यांत उसवेल ही," असं विकणाऱ्याच्या तोंडावर सांगून मोकळ्या झाल्या. मी हसले, पण मान वळवून नवऱ्याला शोधत राहिले.

"बरं नाही का गं तुला? सारखी मागे काय बघतेस?"

"काही नाही, आई. हे कुठे राहिले ते बघतेय."

"येईल भूक लागली की," त्या म्हणाल्या आणि माझा दंड धरून चालू लागल्या.

थंडी सुरू होताना एका पहाटे त्या बाथरूममध्ये पडल्या, तेव्हापासून गर्दीत अशा धरतात. त्या पहाटे पोरगी मैत्रिणीकडे होती आणि नवरा माझ्या शेजारी ढाराढूर झोपला होता. भिंतीपलीकडून त्यांची हाक मला ऐकू आली म्हणून निभावलं. तो दंडावरचा हात त्या दिवशी मला सोसवत नव्हता.

खोलीपाशी पोचलो तेव्हा नवरा तिथे आधीच हजर, हिरव्या टायवाल्या विक्रेत्याशी बोलत.

"आई, बघ ना, छान आहे की नाही? म्हणजे... पाहुण्यांसाठी वगैरे."

"पाहुणे? आपल्याकडे कोण येतं?"

नवरा टायवाल्याकडे बघायला लागला. टायवाला माझ्याकडे. मला ते सहन होईना.

"तुमच्यासाठी बघतोय, आई," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

त्या आत गेल्या, भिंतीवर बोटांनी टकटक केली, कपाट उघडून लावलं, गादीचा कोपरा उचलून खालून पाहिला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

टायवाला खुलला. "दुहेरी काच आहे, आजी. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. अगदी निवांत!"

"असं होय? मग सगळे बाहेर व्हा जरा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

काचेतून आम्हाला दिसलं, त्या पलंगाला धरून हळूहळू खाली बसल्या. मग पाय पसरून, एका कुशीवर, सरळ जमिनीवर आडव्या झाल्या. त्या पहाटे मला सापडल्या होत्या तशाच. त्यांचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या. आणि आम्हाला ऐकू येत होती ती फक्त तव्याची जाहिरात.

मी धावत जाऊन दार उघडलं आणि त्यांना उठवून बसवलं.

"आलं ऐकू?" त्यांनी विचारलं.

"मुळीच नाही, आजी!" टायवाला अभिमानाने म्हणाला.

"मला आलं," नवरा घाईघाईने म्हणाला. "म्हणजे पुसट. मला हाक मारलीस ना?"

सासूबाईंनी अंगावरची धूळ झटकली. "तुला कशाला मारू? मी हिला हाक मारत होते."

नवऱ्याची मान खाली गेली. मला तिथेच रडू फुटलं. टायवाल्याने पुढे केलेलं कार्ड मी घेतलं नाही, "नको आम्हाला ही खोली," एवढंच कसंबसं म्हणाले. अभ्यासाचं काय करायचं, हे मला अजूनही सुचलेलं नव्हतं.

सासूबाईंनी पुन्हा माझा दंड धरला. थोडं चालून गेल्यावर त्या थांबल्या.

"बिया तरी खरंच घ्यायच्या आहेत ना गं?" त्यांनी विचारलं.