पाच इंचांची फरशी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे आणि समुद्र माझ्यापासून दोनशे पावलांवर आहे. पूर्वी तो माझ्या कमरेशी असे. आता या संग्रहालयाच्या कोपऱ्यात त्याचा नुसता आवाज येतो.

ओकच्या लाकडातून मला घडवले. सुताराने अंगावर फूट आणि इंच कोरले आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या पोर्थवेन बंदरात, धक्क्याच्या भिंतीला लोखंडी पट्टा ठोकून मला पाण्यात उभे केले. पाणी किती चढले ते सांगणे हे माझे काम. पण पाच वर्षे मला कोणी विचारलेच नाही. कोळी माझ्यावर जाळी वाळत घालत. खरे सांगणारा दारात उभा असला तरी माणसे अफवेच्या शोधात गावभर हिंडतात, हे मी तेव्हाच शिकलो.

त्या बंदराला एक खोड होती. वारा नाही, लाट नाही, अशा दिवशीही होड्यांचे दोर तटातट तुटत आणि होड्या एकमेकींवर आदळत. कोळी म्हणत, कोणीतरी होडीत अपशकुनी सशाचे नाव घेतले असणार. अशाच एका अपघातात झॅकी ट्रेम्बाथ या म्हाताऱ्या कोळ्याची दोन बोटे गेली.

मग टॅमसिन रोझवॉर्न आल्या. गणितात आणि पदार्थविज्ञानात त्यांचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर कोणी नव्हता. विद्यापीठाने त्यांची परीक्षा घेतली होती, पदवी मात्र दिली नव्हती. बाईला देत नसत. मासळीच्या पिंपावर बसून त्या वही उघडत आणि मला वाचत. कधी दर मिनिटाला, तासन्‌तास. अशी नऊ वर्षे.

"काय बाई, आज काय म्हणतोय तुमचा खांब?" झॅकी विचारी.

"कालच्यापेक्षा तीन इंच जास्त."

"म्हणजे आमच्या हिच्यासारखाच. रोज थोडं जास्तच बोलतो."

बाईंना उमगले ते असे: बशीतला चहा हिंदकळावा तसे सगळे बंदर दर अकरा मिनिटांनी डुलते. धक्का चाळीस फूट पुढे नेला तर ते डुलणे मोडेल, हे त्यांनी गणिताने मांडले. लंडनचे एक विद्वान वह्या तपासायला येणार होते. त्यांनी मान डोलावली तरच धक्का वाढणार होता.

ते यायच्या आठ दिवस आधी वह्या चाळताना बाईंचा चेहरा उतरला. गेल्या जूनपासूनचा प्रत्येक आकडा पाच इंचांनी कमी होता. एका रात्रीत समुद्र पाच इंच खाली बसत नाही. बघणारा म्हणाला असता, आकडे घरी बसून रचले आहेत.

बाईंनी बंदराचे कप्तान पॅस्को यांना विचारले, "खांबाला कोणी हात लावला होता का?"

"माझ्या बंदरात मला विचारल्याशिवाय कोणी खिळाही उपटत नाही, बाई."

त्या माझ्याजवळ आल्या आणि तळवा टेकवून हळूच म्हणाल्या, "तू तरी सांग."

मला सारे ठाऊक होते, मित्रांनो. तोंड मात्र नव्हते. इतकी तळमळ मला पुन्हा कधी झाली नाही.

त्यांचा हात माझ्या पाठीमागे गेला आणि थांबला. पट्ट्याच्या गंजाचा जुना डाग पट्ट्याच्या वर सरकला होता. त्यांनी मोजले. बरोबर पाच इंच. तशाच त्या तारली खारवायच्या शेडमध्ये शिरल्या.

"गेल्या जूनमध्ये, सेंट पीटरच्या सणाला खांब कोणी रंगवला?"

सणाआधी बंदरातली प्रत्येक वस्तू रंगवायची तिथे रीतच होती. सगळे मिठाकडे बघू लागले. कप्तान दारातच उभे होते. शेवटी झॅकी उठला.

"मी. तुम्ही डोळे बारीक करून वाचता ते बघवेना. काढला, आकडे जाड केले, रंगवला, परत लावला."

"आणि खाली?"

"पाय चिखलात कुजू नये म्हणून दगडी फरशी सरकवली. नवी कोरी."

"झॅकीकाका, तुमच्या फरशीनं खांब वर उचलला आणि समुद्राला पाच इंच खाली बसवलं. तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"उपकार केल्यासारखं दिसलं असतं, बाई."

कप्तानांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःच तारखेसह झॅकीची कबुली लिहून काढली. झॅकीने तीन बोटांत टाक धरून खाली फुली मारली. विद्वानांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "जिथे चूक नोंदलेली असते, तिथे बाकीच्यावर विश्वास ठेवता येतो."

धक्का वाढला, दोर तुटायचे थांबले. बाईंचा निबंध लंडनच्या विद्वानांच्या सभेत दुसऱ्याच कोणीतरी वाचून दाखवला, कारण त्या सभेत बायकांना प्रवेश नव्हता. त्या दिवशी त्या माझ्याजवळ पिंपावर बसून होत्या. वही मिटलेली.

पुढे त्या शिकवायला दूर गेल्या. मी वाट पाहिली. मग पाण्याची उंची आपोआप कागदावर उतरवणारे यंत्र आले, आणि मला उपटून इथे टेकवले. लोक माझ्या गळ्यातली पाटी वाचतात. मला नाही.

एका दुपारी काठी टेकत एक वृद्ध बाई आल्या. हात थेट माझ्या पाठीशी गेला, डाग सापडला. "आहेस," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून वही काढून, माझ्या कोरड्या पायाशी वाकून त्यांनी तारीख, वेळ आणि आकडा लिहिला: शून्य.

मित्रांनो, जुन्या वस्तूला मायेने जरूर रंगवा, पण काय बदलले ते सांगून ठेवा. आणि इथे आलात तर मला नुसते पाहू नका, वाचा. शून्य असले तरी लिहा.