सुट्टीवर नेलेला कुकर

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती ग्रीसच्या एका चिमुकल्या बेटावर नेण्याचा मान माझा आहे. निदान ऑकलंडच्या अल्बनी उपनगरातल्या प्रत्येक गेट-टुगेदरला आमचा रवींद्र तसं सांगतो. प्रत्यक्षात तिथे मी जे शिजवलं, ते अर्धं कच्चं राहिलं.

माझं बालपण पुण्यातल्या भांड्यांच्या दुकानात, फळीवर बसून गेलं. २०११ साली स्नेहलता शिकायला ऑकलंडला निघाली, तेव्हा तिच्या आईनं मला घेतलं आणि पोटात लोकरीचे मोजे कोंबून धाडून दिलं. फ्लॅटमधल्या सगळ्या मुली माझ्या खिचडीवर जगल्या. माझं फार कौतुक व्हायचं. मग स्नेहलताचं रवींद्रशी लग्न झालं, नील झाला, अल्बनीला घर झालं. कौतुक हळूहळू थांबलं. शिट्ट्या थांबल्या नाहीत.

२०१९च्या जुलैत, ऑकलंडला थंडीनं बोटं आखडलेली असताना, ग्रीसच्या उन्हाळ्यात जायचं ठरलं. स्नेहलता वर्षभर त्यासाठीच नोकरी करत असल्यासारखी वागत होती. तिची अट एकच होती. "मी तिथे पाण्यात पडून राहणार. स्वयंपाकाचं नाव काढायचं नाही." रवींद्रनं मान डोलावली आणि रात्री मला स्वतःच्या बॅगेत घातलं. या वेळी पोटात तूरडाळ आणि तांदूळ होते.

गाव म्हणजे पांढरी घरं, निळी दारं आणि खाली समुद्र. दुपारी सगळं गाव खिडक्या लावून झोपायचं, मांजरंसुद्धा. घरमालकीण आजीबाई रोज काहीतरी आणून द्यायच्या. एकदा भात भरलेले टोमॅटो आणले, तर स्नेहलतानं दोन खाल्ले आणि डोळे मिटले. रवींद्रनं विचारलं, यात तिखट का नाही.

तिसऱ्या दुपारी स्नेहलता टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून, टॉवेल खांद्यावर टाकून निघालीच होती. रवींद्रनं मला वाढदिवसाच्या केकसारखं टेबलावर ठेवलं.

"तुझी सोय व्हावी म्हणून आणलाय," तो म्हणाला. "नुसता वरण-भात गं. ब्रेड खाऊन खाऊन पोट बिघडलंय माझं."

"माझी सोय?"

"तीन शिट्ट्यांचं तर काम. मग जा की पोहायला."

रवींद्र पुलांचा इंजिनियर आहे. पूल किती भार पेलेल ते त्याला कळतं, डाळीला पाणी किती ते मात्र दर वेळी विचारावं लागतं. स्नेहलतानं टॉवेल खुर्चीवर टाकला आणि तांदूळ धुतले. मित्रांनो, तिचे हात माझ्यावर पडले तेव्हा त्यांना सनस्क्रीनचा वास होता. मी ॲल्युमिनियमचा आहे, म्हणून माझी लाज दिसली नाही.

शिट्टी दाबून धरायचा मी फार प्रयत्न केला. झाली. त्या शांततेत ती समोरच्या डोंगरावर आपटून परत आली. खिडक्या धडाधड उघडल्या. बनियनमधले म्हातारे गल्लीत आले. आजीबाई पाण्याची बादली घेऊन धावत आत शिरल्या.

"मम, आर वी ऑन फायर?" नीलनं विचारलं.

आजीबाईंनी आधी मला पाहिलं, मग टॉग्जमध्ये शेगडीपाशी उभ्या असलेल्या स्नेहलताला, मग खिडकीतून समुद्राला. बादली खाली ठेवून त्यांनी तिला हळूच विचारलं, "हॉलिडे?"

उत्तर रवींद्रनं दिलं. "यस, यस. व्हेरी रिलॅक्सिंग."

स्नेहलतानं शेगडी बंद केली. वाफ निवेपर्यंत थांबली. मग माझी शिट्टी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि समुद्रावर गेली. ऊन उतरल्यावर परतली तेव्हा केस ओले होते आणि टॉवेल रिकामा होता. शिट्टी कुठे गेली, हे रवींद्रनं विचारलं नाही. पुढे ती रोज पाण्यात पडून राहिली आणि तो ब्रेड खात राहिला. मला आयुष्यात पहिल्यांदाच नुसतं बसून राहावं लागलं, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं.

मित्रांनो, भांड्यांची निगा राखा. माझी रिंग वेळेवर बदला, मला घासून-पुसून ठेवा. पण सुट्टीवर जाताना मला घरीच ठेवा. आणि ज्या हातांनी मी चालतो, त्यांनाही कधी शेगडीपासून लांब बसू द्या.

माझी नवी शिट्टी ऑकलंडला परतल्यावर ओटाहुहूच्या इंडियन दुकानात मिळाली. ती आणायला स्नेहलताच गेली.