पाटीला हात

उत्तमची एक खोड मनोरमाच्या डोक्यात जायची: काही विचारलं की तो आधी हसायचा. "आई, यातलं तुला न्हाय कळनार." जनरेटर आणला त्या दिवशीही हसला. घरातल्या प्रत्येक यंत्रामागचा वॉटचा आकडा त्यानं मोबाइलवर बेरजेला लावला, दुकानदार म्हणाला, "इसमें सब चलेगा," आणि तेवढ्यावर पठ्ठ्यानं वीज गेली तर म्हणून ठेवलेला बापाच्या उशाचा ऑक्सिजन सिलिंडर परतही पाठवला.

"चलेगा म्हनला तो. पन सुरू होईल का?" तिनं तेव्हाच विचारलं होतं. फ्रिज सुरू होताना ट्यूबलाइट कशी डोळा मिचकावते, ते ती रोज बघायची.

मे महिन्यात भर दुपारी पाली गावातली वीज गेली. अंगणातल्या पत्र्याखाली जनरेटर धडधडला, तिच्या नवऱ्याला, हरिश्चंद्रला ऑक्सिजन देणारं यंत्र पुन्हा फुसफुसू लागलं. बाबांना जरा गार वाटू दे, म्हणून उत्तमनं एसी लावला. एसीनं एक आचका दिला, जनरेटर घुसमटला आणि सगळंच बंद पडलं.

नळीतली फुसफुस थांबली. बोटावरच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यातला आकडा नव्वद, सत्त्याऐंशी, ब्याऐंशी. हरिश्चंद्रचे ओठ जांभळे पडले. त्यानं तिचं मनगट धरलं ते सोडेना. तिला एकेक बोट उलगडून हात सोडवून घ्यावा लागला.

"उत्तम! जनरेटरची दोरी खेच!"

तिनं एसीची पिन उपटली, फ्रिजची उपटली. बाहेर दोरीचा खर्रकन आवाज. एकदा, दोनदा, तीनदा. काहीच नाही. नवस बोलायलाही उसंत नव्हती. "ओढ रे मेल्या, बाप चालला तुझा!"

चौथ्या हिसक्याला जनरेटर सुरू झाला. आता त्यावर फक्त ऑक्सिजनचं यंत्र आणि एक पंखा. आकडा रडतखडत नव्वदवर चढला.

उत्तम दारात घामानं निथळत उभा. "बेरीज तर बरोबर होती, आई."

नवऱ्याच्या छातीवरचा हात न काढता मनोरमा बोलली. "तीस वर्सं मी मासळीची पाटी बाजारात नेली. चालताना एकटी. पन पाटी डोक्यावर चढवताना दुसरीचा हात लागायचाच. तू चालन्याची बेरीज केलीस, उचलन्याची केलीच न्हाय. त्यात पत्र्याखाली तापून त्या जनरेटरचा जीव निम्मा झालेला. आधी सिलिंडर आन. मंग एसी, फ्रिज सुरू होताना किती ओढतात ते नीट विचार, आन् त्याला पुरंल असा मोठा जनरेटर घे. आन् हसायचं आसंल, तर आत्ता हस. बापासमोर."