माझ्या छताला कुणी वाली नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, चिमुकलं न्हाणीघर आणि पुढे स्टिअरिंग. तुम्हाला मित्रांनो म्हणते खरी, पण हल्ली माणसाच्या जातीवरच माझा राग आहे. का, ते ऐका.

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. साच्यात आधी चकचकीत रंगाचा पातळ थर फवारला. तो सुकत आल्यावर मागून फायबरचं कापड आणि चिकट राळ चढवली. साच्यातून निघाले तेव्हा कारागिराने माझ्यात बघून भांग पाडला होता. लोकांना वाटतं, ही झिलई जन्मभराची. कसली जन्मभराची! तो थर नखाएवढासुद्धा जाड नसतो. उन्हाने विटतो, मग हात लावला की खडू लागल्यासारखा हात पांढरा होतो.

मला एका सुताराने विकत घेतलं. त्याचे दोन मुलगे त्याला बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणते. बाबा मला सावलीत उभी करत. आधी साबणाच्या पाण्याने आंघोळ, मग पांढरी भुकटी जाईपर्यंत कंपाऊंडच्या लेपाने घासणं, मग पॉलिश आणि शेवटी मेणाचा हात. हातभर जागा झाली की पुढची हातभर. घाई त्यांना खपायची नाही. छत मात्र आईचं काम. ती अंगाने हलकी, तिच्या वजनाने छत लवत नसे. ती वर जाऊन पालापाचोळा झाडायची, छतातल्या खिडकीच्या कडेला भेग दिसली की पाणी अडवणारं सीलंट भरायची, मेण लावायची. ते खालून कुणाला दिसत नसे, त्यामुळे कौतुक व्हायचं ते बाजूंचंच.

बाबा गेले आणि मुलांनी घर मधोमध वाटून घेतलं. दोघांचं आधीही पटत नव्हतं, आता एकमेकांचं तोंड बघेनात. आई म्हणाली, "मी कुणाच्याच दारात पडून राहणार नाही. मी आपली गाडीत बरी." आणि ती अंगणात माझ्यात राहायला आली. मग या शहाण्यांनी माझीही वाटणी केली! डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. छत वाटणीत आलंच नाही, कारण ते आईचं काम. आईच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

आणि सुरू झालं युद्ध. थोरल्याने सकाळी मेण लावलं की संध्याकाळी धाकटा घासून चकाकी आणणारं बफिंग मशीन घेऊन हजर. प्रेम माझ्यावर नव्हतं, एकमेकांना जळवायचं होतं. एकदा धाकट्याने ईर्ष्येने मशीन एकाच जागी इतकं दाबून धरलं की कोपऱ्यावरचा रंग जळून आतलं कापड उघडं पडलं. थोरला ते बघून आठवडाभर शीळ घालत हिंडत होता. मला तोंड असतं तर दोघांना शिव्यांची लाखोली वाहिली असती.

येणारेजाणारे थांबून म्हणत, "काय ठेवलीय गाडी!" वर कोण बघतो? वर ऊन माझी सालं काढत होतं. खिडकीच्या कडेचं सीलंट वाळून उकललं होतं. एका पावसात पाणी आत झिरपलं आणि आईच्या उशीवर ठिबकू लागलं.

तिने दोघांना बोलावलं. "वर भेग पडलीय रे. शिडी लावून बघा कुणीतरी."

"त्याला सांग," थोरला म्हणाला. "गळतंय उजव्या अंगाला."

"त्यालाच सांग," धाकटा म्हणाला. "पाणी शिरतंय डावीकडून. आणि शिडी माझ्या बाजूला टेकवायची नाही हं! आत्ताच पॉलिश केलंय, चरा जाईल."

"मग काय माझ्या बाजूला टेकवणार? सांग त्याला, मेणाचा दुहेरी हात दिलाय मी!"

"मग शिडी हवेत उभी करू का?" आईने विचारलं. दोघंही पाय आपटत आपापल्या दारात शिरले.

पुढच्या पावसात आतली फळी फुगून पलंगावर लोंबू लागली. थोरला नाक मुरडत म्हणाला, "ही भंगारात काढू. तू माझ्याकडे चल." त्याची पाठ फिरते न फिरते तोच धाकटाही तेच बोलून गेला. दोघांच्याही घरी स्वयंपाकाला माणूस हवं होतं. आई ते ओळखून होती, आणि मीही. मी भंगारात गेले की तिला कुणाच्या तरी ओट्याशी उभं राहावंच लागणार होतं.

आई बाबांची लोखंडी शिडी ओढत घेऊन आली. थोरल्याच्या बाजूला टेकवली आणि तशीच करकर करत दारापासून मागच्या चाकापर्यंत फरफटत नेली. मग वळसा घालून धाकट्याच्या बाजूलाही तसाच लांबलचक चरा ओढला. आवाज ऐकून दोघं बोंबलत धावत आले.

"आई, वेडबीड लागलं का तुला?"

"झाली ना दोन्हीकडची झिलई खराब? आता जपायला काही उरलं नाही." तिला धाप लागली होती, पण आवाज करडा होता. "तू चढ. आणि तू शिडी धर."

मित्रांनो, ते चरे फार झोंबले. तरी सांगते, त्या दिवसाइतकी आई मला कधीच आवडली नव्हती.

धाकटा वर चढला, थोरल्याने शिडी धरली. जुनं सीलंट खरवडून त्यांनी नवं भरलं, मग आतली कुजलेली फळी बदलली. छतावरची भुकटी काढून मेणही लावलं. आई खालून एकेक सांगत होती. आता दर महिन्याला हीच पाळी ठरली आहे. त्यांचा समेट झाला असं समजू नका. वरचा खाली बघतो तो शिडी नीट धरली आहे ना, एवढ्यासाठीच. खालच्याला ती सोडून द्यावीशी वाटते, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसतं. आई कमरेवर हात ठेवून शेजारी उभी असते, म्हणून तो सोडत नाही.

मित्रांनो, तुमच्या गाड्या खुशाल चमकवा. पण फडकं हातात घेण्याआधी जिथे कुणी बघत नाही तिथे चढून बघा, नाहीतर उगाच आमच्या अंगाला हात लावू नका.

परवा एक बाई माझ्या चऱ्यांवरून बोट फिरवत हळहळली, "अरेरे, एवढी छान गाडी! हे भरून घ्या की."

आई दारात बसून उशीला नवा अभ्रा चढवत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "राहू द्या हो. आत कोरडं आहे."